सोबतचा रकाना

ऑटो फाटकाशी उभा होता, ऑटोवाला दर मिनिटाला हॉर्न मारत होता आणि बाई, माझी मोठी बहीण, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली वही काढून, चष्मा शोधून, सावकाश काहीतरी लिहीत होती. मी आदल्या रात्री तिच्याकडेच मुक्कामाला होतो. पहाटेपासून तिच्या छातीत दुखत होतं, कपाळ घामाने ओलं झालं होतं, आणि तरी हिचं लिहिणं चालूच. "बाई, चाल ना वं! तो ऑटोवाला कवाचा थांबून राहिला," मी ओरडलो. तिने मान वर न करता सांगितलं, "सही केल्याशिवाय कोनी बाहेर जात नाई, दिगू. माहीत हाये ना तुले." मग पेनचं टोपण लावलं, वही खिळ्याला अडकवली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची ती वेळही नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई दवाखान्यातच गेली. फार त्रास झाला नाही. सकाळी चहा घेतला, नर्सला तिची ड्युटी किती वाजता संपते ते विचारलं, घर लांब असेल तर अंधार पडायच्या आत निघ असं बजावलं, आणि दुपारी डोळा लागला तो लागलाच. सदुसष्ट वर्षांची होती. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे लोक तोंड पाडून बसतात आणि मी त्यांना बाईचे किस्से सांगून हसवतो, तेव्हा त्यांना वाटतं, धक्का बसलाय याला. तसं काही नाही. माझ्या बहिणीला आयुष्यात जे एक हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते मिळू नये अशी व्यवस्था मीच आपल्या हाताने केली होती. तेच सांगायला बसलो आहे.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. तिचं नाव शेवंता. वडिलांचा अमरावतीच्या वेशीबाहेर फुलांचा मळा होता, शेवंती आणि झेंडूचा, आणि पहिली मुलगी झाली तेव्हा मळ्यात जे फुललं होतं तेच नाव त्यांनी ठेवलं. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. वडिलांची उंच काळी सायकल होती. मागे कॅरिअरला फुलांच्या दोन पाट्या बांधायच्या आणि शाळेच्या आधी बाजारात पोचवायच्या, हे काम बाई तेरा-चौदा वर्षांची झाल्यापासून तिच्याकडे आलं. आणि ती निघाली की आईचं एकच वाक्य असे, "दिगूले संगं घेऊन जाय." मग मला पुढे दांडीवर बसवायचं. मागे फुलं, पुढे मी, आणि मध्ये बाई, पाय जेमतेम पॅडलला पुरतायत. बाजारात, शाळेत, मैत्रिणीकडे, गणपती पाहायला, जिथे बाई तिथे दिगू. मला वाटे, बाईला माझ्यावाचून करमत नाही. पन्नाशी ओलांडेपर्यंत माझी ही समजूत कायम होती, इतका मी हुशार.

पुढे बाई एका मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन म्हणून लागली आणि तिथेच एकतीस वर्षं राहिली. एकशेवीस मुली, एक स्वयंपाकघर, एक चौकीदार आणि एक जाडजूड आवक-जावक रजिस्टर. मुलगी बाहेर निघाली की तिने रजिस्टरमध्ये भरायचं : कुठे, सोबत कोण, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही. संध्याकाळी सातला फाटक बंद आणि हजेरी. साताच्या हजेरीला बाई स्वतः उभी राहायची, त्यामुळे एकतीस वर्षांत ती साताच्या पुढे कुठे म्हणून गेली नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद अर्ध्यावर टाकून ती पळाली होती. मुली तिला मागे काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याच मुली पुढे आपापल्या मुली घेऊन तिला भेटायला येत. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एकशेवीस पोरी हायेत मले, अजून किती पायजेत?"

निवृत्त झाल्यावर मळ्याच्याच तुकड्यावर तिने दोन खोल्या बांधल्या. पहिले काही महिने ती सैरभैर होती, मुलींच्या गोंगाटाशिवाय झोप येत नाही म्हणायची. मग दीडेक वर्षाने, दिवाळीत मी अमरावतीला गेलो असताना, तिने चहा पिता पिता जाहीर केलं की संक्रांत झाली की ती सायकलवर वऱ्हाड फिरणार आहे. चांदूर बाजार, परतवाडा, अकोट, अकोला, खामगाव, चिखली, मेहकर, वाशीम, पुसद, यवतमाळ, नेर आणि परत घर. ज्या गावांची नावं एकतीस वर्षं मुलींच्या पत्त्यांत लिहिली ती गावं नि ते रस्ते पाहायचे. मुक्काम फक्त मुलींच्या वसतिगृहांत, पाहुण्यांच्या खोलीत. लॉज नाही, नातेवाईक नाहीत.

"कोनासंग?" मी विचारलं.

"एकटी."

मी हसलो. मला खरंच गंमत वाटली. मी असा माणूस आहे की ऑफिसात असताना चहाच्या टपरीवरसुद्धा एकटा जात नसे, कुणीतरी सोबत घेऊनच उठायचो. साठीची बाई दहा-बारा गावं एकटी सायकलवर फिरणार, हे माझ्या डोक्यात मावेना. मी गुडघे काढले, ट्रक काढले, कुत्री काढली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दिगू, लहानपनी तू होता संगं. मंग एकशेवीस पोरी होत्या. मी एकटी अशी कंदीच कोठी गेली नाई रे. एक डाव जाऊन पाहू दे. अन् अजून एक हाये... एकतीस वर्षं मी पोरीयले इचारलं, कोठी चालली, संगं कोन हाये. मले कोनंच नाई इचारलं. एखाद्या फाटकावर मले कोनी इचारावं, अन् मी माया हातानं लिवावं. बस, एवढंच."

इतकं साधं सांगितलं होतं तिने. मला ते कळायला हवं होतं.

जुन्या बाजाराजवळच्या सलीमभाईंनी तिची सायकल तयार केली. साधी, बिनगिअरची, लेडीज सायकल. नवे टायर, नवी चेन, पुढे टोपली, मागे दोन बाजूंना पिशव्या. मीही गेलो होतो, सलीमभाई तरी तिला समजावतील या आशेने. सलीमभाईंनी पॅडल फिरवून चाकाकडे बघत म्हटलं, "सायकल की फिकर मत करो बाई, तिची गॅरंटी मी घेतो. गुडघ्याची गॅरंटी मायाकडं नाई." बाई खूश. त्यांनी तिला पंक्चर काढायला शिकवलं, दोनदा करून घेतलं, आणि आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाने दो भाई. लई दिवसांनी बाई कोनाची परवानगी न काढता काही करून राहिली."

मी जाऊ दिलं. पण मी काय केलं ते ऐका. मी त्या वेळी अकोल्याच्या ज्या सरकारी कार्यालयात होतो, तिथे वसतिगृहांच्याच फायली माझ्या टेबलावर असत. वऱ्हाडाच्या पाचही जिल्ह्यांतल्या झाडून साऱ्या वसतिगृहांचे फोन नंबर माझ्या काचेखाली होते. बाई निघाली त्या सकाळी मी एकेका वॉर्डनला फोन लावला. "आमच्या भगिनी येत आहेत, सेवानिवृत्त आहेत, अनुभवी आहेत, जरा लक्ष असू द्या, पोचल्या की मला कळवा." मी भाऊ म्हणून बोललो, पण तिकडे ते ऑफिसचा फोन म्हणून ऐकलं गेलं. अनुभवी बाई अचानक सायकलवरून येणार म्हणजे काय असणार? तपासणी!

त्यानंतर काय घडलं ते मला चौथ्या दिवशी कळलं. बाई अकोल्यात आली, ठरवल्याप्रमाणे वसतिगृहातच उतरली आणि दुपारच्या जेवणापुरती जठारपेठेत आमच्या घरी आली. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या आवडीचा पाटवडीचा रस्सा केला होता. बाई उन्हाने रापली होती, पण चेहऱ्यावर तेज वगैरे काही नव्हतं. आल्या आल्या तिने सायकलची पिशवी उघडली आणि जेवणाच्या टेबलावर एकेक करून चार नारळ मांडले, बाजूला चार शाली.

"हा चांदूर बाजारचा. हा परतवाड्याचा. हा अकोटचा. अन् हा तुह्या अकोल्याचा, आत्ता दिला. चार नारळ घेऊन मी सायकल हाकून राहिली दिगू, जशी काही जत्रेत दुकान लावाले चालली."

सुनंदाला हसू आवरेना. मीही हसायला गेलो, पण बाईकडे पाहिलं आणि थांबलो. तिने हकिगत सांगितली. चांदूर बाजारला फाटकात मुली गणवेशात रांगेने उभ्या. फरशी धुतलेली, भिंतीला चुना लावलेला, वॉर्डन हात जोडून. परतवाड्याला भाषण करायला लावलं. अकोटला स्वयंपाकघरात नेऊन तेलाचे डबे उघडून दाखवले. आणि सगळीकडे तिने स्वतः रजिस्टर मागितलं तेव्हा उत्तर एकच, "तुमच्याकडून सही कशी घ्यायची, मॅडम? लाजवता काय!" चार गावं, चार फाटकं, आणि एकानेही तिला विचारलं नव्हतं की तुम्ही कोण, कुठून आलात, सोबत कोण आहे.

"मले एकटं जायाचं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तोच तर घोटाळा होता. "अन् तू माया मोरं मोरं धावून राहिला. पुन्हा दांडीवर येऊन बसला रे तू."

सुनंदा उठून आत गेली. मी म्हटलं, "बाई, मले भेव वाटते वं. तू अशी रस्त्यानं..." "वाटू दे," ती म्हणाली. "मलेबी वाटते. पन ते माहं भेव हाये, ते माया जवळ राहू दे. आता एक कर. पुढच्या साऱ्यायले फोन करून सांग, ते बाई येनार नाई, बेत मोडला. अन् मंग फोनले हात लावू नोको. मी रोज साताच्या आत कोठी ना कोठी फाटकाच्या अंदर असतो, तेवढं तुले माहीत असलं म्हनजे झालं." मी शपथ घ्यायला लागलो तर म्हणाली, शपथ-बिपथ नको, रस्सा वाढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खामगावच्या रस्त्याला लागली. नारळ आणि शाली आमच्याकडेच ठेवून गेली. मी सगळीकडे फोन करून बेत मोडल्याचं कळवलं. दोन ठिकाणी तर पलीकडून सुटकेचा नि:श्वास स्पष्ट ऐकू आला. आणि पुढचे नऊ दिवस मी संध्याकाळी घड्याळासमोर बसलो. सात वाजले की म्हणायचं, बाई आत गेली. मगच चहा. सुनंदा म्हणायची, एवढी वाट तर तुम्ही माझीही कधी पाहिली नाही. खरं होतं ते.

एक गोष्ट मी बाईला कधी सांगितली नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो. त्या नऊ दिवसांतल्या चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. वाशीमच्या वसतिगृहाला सव्वासातला घरून फोन लावला. एका मुलीने उचलला. मी काही बोलायच्या आत मागून बाईचा आवाज आला, कुणाला तरी गणित समजावत होती, आणि मग ती खळखळून हसली. घरच्या माणसांत हसते तशी नाही. लहानपणी मळ्याच्या उतारावर पॅडल सोडून सायकल हाकताना हसायची तशी. मी तसाच फोन ठेवला. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवशी मी थोडा रडलो. दु:ख नव्हतं. माझ्यावाचून बाईला करमतं, मजेत करमतं, ही बातमी पचायला जरा वेळ लागला एवढंच.

ती परत आली त्या रविवारी मी अमरावतीला हजर होतो. दारात सायकल टेकवली, पाणी प्यायली आणि बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. "दिगू, चिखलीले मले ते पोरगी रागावली रे!" ही गोष्ट तिने पुढे निदान पन्नास वेळा सांगितली, आणि दर वेळी तिचा चेहरा असाच व्हायचा. झालं असं की खामगाव सोडल्यावर चढ लागला, बाई उतरून सायकल ढकलत निघाली. एका वावरात तुरीची कापणी चालली होती. बायांनी हाक मारली, ओल्या शेंगा उकडलेल्या होत्या, बसली खात आणि बोलत. चिखलीच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पोचली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं. वॉर्डन म्हणजे पंचविशीतली मुलगी, नवी लागलेली, केस घट्ट बांधलेले. तिने घड्याळ दाखवलं. "काहून एवढा उशीर? सात म्हनजे सात. पाहुन्या असल्या म्हनून काय झालं? पोरीयनं काय शिकावं तुमच्याकडून?"

"मंग तू काय म्हनलं?" मी विचारलं.

"काय म्हननार! 'चुकलं मॅडम, पुन्हा होनार नाई,' असं म्हनलं." बाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "हेच वाक्य मी एकतीस वर्षं ऐकत आली रे, मले तोंडपाठ होतं!"

मग त्या मुलीने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव? लिहिलं. कुठून? अमरावती. कशाने? सायकलने. मुलीने वर पाहिलं. सोबत कोण? कोणी नाही. "म्हनजे एकट्याच?" "व्हय, एकटी." "मंग 'एकटी' असंच लिवा तिथं. रकाना रिकामा ठेवू नका." बाईने लिहिलं. आणि मग त्या मुलीने तिच्या ताटात दोन गरम पोळ्या टाकल्या आणि गुडघ्याला लावायला तेल आणून दिलं. आपण स्वतः वॉर्डन होतो हे बाईने तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "सांगतलं असतं तं बिचारी शरमली असती. अन् लई चांगली वॉर्डन होती ते. अशीच पायजे."

त्या चार नारळांच्या सुनंदाने वड्या केल्या होत्या आणि मी त्या सोबत आणल्या होत्या. त्या वड्या खाताना बाईने मला माफ केलं असावं. तसं बोलून काही दाखवलं नाही, पण मला डबा भरून दिला. आणि पुढच्याच आठवड्यात तिने एक लांबट वही आणली, पट्टीने रकाने आखले, दोरीला पेन बांधलं आणि दाराजवळ खिळ्याला टांगली. तारीख, कुठे, सोबत, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाने भरायचं. पाहुणे, मोलकरीण, सलीमभाई, मी. सुनंदा एकदा घाईत सही न करता गेली तर बाईने तिला कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं. आम्ही चेष्टा करायचो, पण भरायचो. पुढची सात वर्षं ती सायकलवर फिरत राहिली, कधी एका गावाला, कधी दोन, हिवाळ्यात लांब. मी फोन केला नाही. फक्त सात वाजता घड्याळ पाहायचो. ती सवय अजून गेलेली नाही. परवाही सात वाजले आणि मी म्हटलं, बाई आत गेली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

गेल्या शनिवारी मी अमरावतीला जाऊन तिच्या खोल्या झाडून घेतल्या. सायकल ओसरीत होती, चाकांतली हवा उतरलेली. ती सलीमभाईंकडे न्यावी म्हणून निघालो आणि सवयीने वही काढली. ऑटोच्या दिवसानंतर ती कुणी उघडली नव्हती. मी पहिल्यापासून पानं उलटली. बाईचं ते टपोरं अक्षर. चांदूर बाजार, एकटी. बडनेरा, एकटी. दळण, एकटी. अकोला, दिगूकडे, एकटी. फुलं आणायला, एकटी. सात वर्षं, पानामागून पान, दर वेळी तो शब्द पूर्ण लिहिलेला. खाली तेच, वरच्यासारखं, अशी खूणसुद्धा कुठे केलेली नाही. आपल्या नावासारखा लिहायची ती तो शब्द.

मग शेवटची ओळ. अक्षर हललेलं, रेघ सोडून खाली उतरलेलं. कुठे : दवाखाना. गेल्याची वेळ : आठ वीस. आणि सोबतच्या रकान्यात... दिगू.

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मी बाहेरून हॉर्नच्या वर ओरडत होतो तेव्हा ती हे लिहीत होती. न सांगता, न बोलावता तिच्या दांडीवर चढून बसलेल्या माणसाला तिने त्या दिवशी आपल्या हाताने, आपल्या मर्जीने सोबत घेतलं होतं. आल्याच्या वेळेचा रकाना कोरा आहे. तो कोराच राहील.

बऱ्याच वेळाने उठलो. त्याच्या खालच्या ओळीत तारीख घातली. कुठे : सलीमभाईंचं दुकान, हवा भरायला, मग जमेल तिथवर. सोबतच्या रकान्याशी पेन थांबलं. रिकामा ठेवू नका, हे चिखलीच्या त्या मुलीचं म्हणणं आठवलं. मी लिहिलं, एकटा. सही केली, वही खिळ्याला अडकवली आणि सायकल बाहेर काढली. सात वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.